थोरली, धाकली आणि चुकलेली सासू

दुपारी मॅडम आमच्या जेवणाच्या खोलीत शिरल्या की सगळे डॉक्टर आपापले डबे हाताने झाकून घ्यायचे. उपयोग काही व्हायचा नाही. त्या समोर येऊन उभ्या राहायच्या, उजव्या हाताचा तळवा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "वाढा." मग त्या तळव्यावर घरच्या भाजीचा एक घास ठेवावाच लागे. त्या डोळे मिटून सावकाश चावत आणि निकाल देत. "मीठ कमी." "मीठ जास्त." "मीठ मागून टाकलंय, शिजताना न्हाई." आमच्या भूलतज्ज्ञाने एकदा हॉटेलातली भाजी आपल्या डब्यात भरून आणली, तर म्हणाल्या, "ही तुमच्या बायकोची न्हाई. ती बिचारी एवढं मीठ घालून तुमचा बीपी वाढवणार न्हाई." कुणाच्याही भाजीला त्यांनी 'बरोबर' म्हटलेलं मी ऐकलं नाही. स्वतःच्या डब्यालाही नाही.

मॅडम आमच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. मी आयसीयूचा डॉक्टर. रक्तात सोडियम, पोटॅशियम अशी जी मिठं असतात, ती मोजणं हे त्यांचं काम, आणि भाजीतलं मीठ ओळखणं हे व्यसन. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, असं त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण त्यावर तासभर व्याख्यान मिळे.

बुटक्या, अंगाने भरलेल्या, सुती साडीवर पांढरा कोट आणि पायात पोरांचे असतात तसले पळायचे बूट. रोज पिंगळीहून रेल्वेने यायच्या. पुण्यात शिकल्या, तिथेच चांगली नोकरीही मिळत होती, पण परत आल्या. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "बनी तो बनी, नहीं तो परभणी, तसंच झालं की गं तुझं!" यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं: "माझं बनलं, आन् परभणीतच बनलं." त्यांच्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर कायम फायली. त्या खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना पाहिलंच नाही. लोक बसून चुका करतात, असं त्यांचं मत होतं.

आणि त्यांचा तो प्रश्न! कोणताही आकडा त्यांच्या कानावर पडला की त्या विचारायच्या, "कोणाचं म्हणणं?" मी फोनवर सांगावं, "मॅडम, पेशंटचं पोटॅशियम तीन आलंय." लगेच तिकडून, "कोणाचं म्हणणं?" म्हणजे कोणत्या मशीनचं. हळूहळू हा प्रश्न सगळीकडे पसरला. आज ऊन पंचेचाळीसवर गेलं म्हटलं, तरी "कोणाचं म्हणणं?" शिपायाने मुलीसाठी आलेल्या स्थळाची तारीफ केली, मुलगा लय गुणी आहे म्हणाला, तरी "कोणाचं म्हणणं? मध्यस्थाचं का शेजाऱ्याचं?" शिपायाने खरंच शेजाऱ्याकडे चौकशी केली आणि ते स्थळ सोडलं. तेव्हापासून तो मॅडमना वाकून नमस्कार करायचा.

आमच्याकडे मशीन दोन होत्या. एक आयसीयूतच, पेशंटच्या खाटांजवळ. लहानशी. सुईतलं ताजं रक्त जसंच्या तसं तिला पाजलं की दोन-चार मिनिटांत उत्तर. दुसरी मॅडमच्या प्रयोगशाळेत, अंगण ओलांडून पलीकडच्या इमारतीत. भली मोठी. तिला रक्त असं चालत नसे. आधी ते गोठू द्यायचं, मग गरागरा फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, आणि ते पाणी तिला द्यायचं. दोघींची उत्तरं सहसा जुळत, पण अगदी सारखी कधीच नसत. मॅडमनी त्यांची नावं ठेवली होती थोरली आणि धाकली.

"दोघी जावा आहेत," त्या नव्या डॉक्टरांना सांगायच्या. "एकीचं ऐकून दुसरीला बोल लावायचा न्हाई. वरणाची वाटी समोर आली, तर त्यात डाळ किती, पाणी किती हे धाकली चमचा बुडवून बघते. थोरली वाटी बघून अंदाज धरते. धडधाकट माणसाच्या वाटीत तिचा अंदाज बरोबर येतो. पण आयसीयूतला माणूस खंगलेला, त्याच्या रक्तातली डाळच, म्हणजे प्रथिनंच, कमी झालेली. तिथं थोरली सोडियम जरा जास्त सांगती. आन् धाकलीच्या सुईत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते जास्त राहिलं की ती पोटॅशियम जरा कमी सांगती. स्वभाव हाय एकेकीचा."

नातेवाइकांना समजवायची त्यांची तऱ्हा वेगळी. "कापसाला पोटॅश टाकता ना? तेच आपल्या रक्तात असतंय. कमी पडलं की पीक सुकतं, इथं काळीज अडखळतं." हे ऐकून झरीचा, मानवतचा शेतकरी अशी मान डोलवायचा की आमची सगळी पुस्तकं फिकी पडावीत.

या दोन जावांची रीतसर तुलना करायचं मॅडमनी एका हिवाळ्यात मनावर घेतलं. आयसीयूतल्या प्रत्येक अत्यवस्थ पेशंटचं रक्त एकाच वेळी काढायचं, निम्मं धाकलीला, निम्मं थोरलीला, आणि बघायचं कोण किती कुठे चुकतं. डॉक्टरांनी थट्टा केली. मॅडम जावाजावांत भांडणं लावायलेत, म्हणाले. मॅडमनी नाकावरची माशी उडवावी तशी ती थट्टा उडवली. आणि एक नियम मात्र पक्का घातला: दोन्ही मशीनचे आकडे जुळत नसतील, तर त्यांना हाक मारल्याशिवाय मोठा निर्णय घ्यायचा नाही.

हिवाळाभर जावा गुण्यागोविंदाने नांदल्या. गुढीपाडवा झाला, ऊन तापलं, आणि बिनसलं. पोटॅशियमच्या बाबतीत धाकली थोरलीपेक्षा फारच कमी सांगायला लागली. एकदा नाही, वरचेवर. मॅडमचा जीव थोरलीवर. ती त्यांच्या नजरेखालची, त्यांच्या हाताने पुसलेली. दसऱ्याला झेंडूचा हारसुद्धा फक्त तिलाच. त्यांनी सगळं खापर धाकलीवर फोडलं. आयसीयूतला एसी धड चालत नाही, उन्हाने तिचं डोकं फिरतं, असं त्यांचं अनुमान. डॉक्टरांच्या मोठ्या बैठकीत तसं मांडायचं आणि पोटॅशियमसाठी धाकलीला विचारणं बंद करायचं, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं होतं.

इथे बर्फाबद्दल सांगायला हवं. परभणीचं ऊन म्हणजे काय हे ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. अंगण ओलांडेपर्यंत नळीतलं रक्त कढत व्हायचं. म्हणून मॅडमनीच हुकूम काढला होता, की उन्हाळ्यात सगळं रक्त बर्फात घालून आणायचं. आमच्याकडचे रक्त पोचवणारे मामा मोठ्या निष्ठेने हे पाळायचे. निळा थर्मास, त्यात बर्फाचा चुरा, त्यात नळ्या. दुसऱ्या कुणाला ते थर्मासला हात लावू देत नसत. बर्फ वितळला की कॅन्टीनमधून नवा घालायचे. आमच्या दवाखान्याला त्या थर्मासचा अभिमान होता. बाहेरून कोणी आलं की दाखवायचो.

बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी, झरीहून एक बाई आली. तिशीतली. सोबत फक्त सासू. नवरा टेम्पो घेऊन दूर गेलेला. बाईला लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. आता ती शुद्धीत नव्हती. श्वास खोल आणि भराभर, तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. रक्तातली साखर अफाट वाढलेली, रक्त आंबट झालेलं. यावर औषध एकच, इन्सुलिन. पण त्यात एक मेख असते. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही रक्तातून आत ओढून घेतं. ते आधीच फार कमी असेल, तर इन्सुलिन दिल्यावर काळीज थांबू शकतं. म्हणजे आधी पोटॅशियमचा आकडा खरा हवा.

मी रक्त काढलं. धाकलीने सांगितलं, दोन पॉइंट आठ. फारच कमी. मी इन्सुलिन रोखलं, सलाईन चालू केलं आणि उरलेलं रक्त मामांच्या थर्मासमधून थोरलीकडे पाठवलं. नेमकी लाईट गेलेली. जनरेटर आयसीयूला आणि ऑपरेशनला पुरायचा, रक्त फिरवायचं यंत्र त्यावर नव्हतं. रिपोर्ट आला तो बऱ्याच उशिरा. तीन पॉइंट नऊ. उत्तम आकडा.

आमचे मोठे फिजिशियन सर खाटेशी आले. "रक्त आंबट झालं की पोटॅशियम सहसा वाढतं, कमी होत नाही," ते म्हणाले. "धाकलीचं उन्हाळ्यात खरं नसतं, हे तुमच्या मॅडमच सांगतात. थोरलीचं धरा आणि इन्सुलिन सुरू करा. किती वेळ घालवणार?"

त्यांचं काही चूक नव्हतं. थोरली खरी असेल, तर माझ्या थांबण्यापायी ती बाई मरणाकडे सरकत होती. धाकली खरी असेल, तर मी इन्सुलिन देऊन तिला मारणार होतो. ईसीजीवर काळजाचे ठोके इतके भराभर पडत होते की त्यावरून ठाम काही सांगता येईना. पायथ्याशी म्हातारी सासू सुनेचे तळवे चोळत उभी. मी नियमाप्रमाणे मॅडमना फोन लावला.

त्या आल्या, बूट वाजवत.

"कोणाचं म्हणणं काय?"

मी दोन्ही आकडे सांगितले. त्यांनी फिजिशियन सरांकडे पाहिलं, धाकलीकडे पाहिलं. उद्याच्या बैठकीत त्या जे बोलणार होत्या त्याला हा आयता पुरावा होता. हो म्हणायचं आणि निघायचं, एवढंच बाकी होतं.

"दुसऱ्या हातातून ताजं रक्त काढा," त्या म्हणाल्या. "सलाईनच्या हातातलं नको."

काढलं. धाकलीने पुन्हा जवळपास तेच सांगितलं, दोन पॉइंट सात. मामा थर्मास उघडून पुढे झाले.

"राहू द्या मामा. लाईट आलीय, आता बर्फात घालत बसायला वेळ न्हाई." मॅडमनी पदर खोचला, नळी मुठीत धरली आणि अंगणातून अक्षरशः पळत सुटल्या. मी खिडकीतून पाहत होतो. त्या उन्हात ती बुटकी बाई कोट फडफडवत पळतेय आणि बाकावर टेकलेले नातेवाईक आपोआप उठून उभे राहतायत.

त्या परत आल्या तेव्हा चालत आल्या. हातात आमचा तो निळा थर्मास होता. मामा तो घेऊन त्यांच्या मागे धावले होते, त्यांच्याकडून मॅडमनी तो काढून घेतला होता.

"थोरली दोन पॉइंट आठ म्हणायलीय," त्या म्हणाल्या. "बिनबर्फाचं रक्त दिलं, तर तीही तेच म्हणायलीय."

मॅडमनी थर्मास सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"घोडं इथं पेंड खातंय. मगाचं रक्त लाईट येईपर्यंत या बर्फात पडून होतं. गारठ्यात रक्ताच्या पेशींचं बळ जातं आणि आतलं पोटॅशियम बाहेर पाझरतं. पेशी फुटल्या असत्या तर वरचं पाणी लाल दिसलं असतं, मी ते रोज बघते. हे गुपचूप पाझरतं, दिसत न्हाई. पुस्तकात हाय हे. मी वाचलेलंसुद्धा हाय. पण बर्फ माझा ना, मग त्याच्यावर संशय कोण घेणार? उन्हाळाभर चोर सोडून मी संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते." मग खाटेकडे वळून, फिजिशियन सर, मी, नर्सा, मामा, सगळ्यांसमोर ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "दोघी जावा खऱ्या. सासूच चुकली."

पायथ्याशी तळवे चोळणारे हात थांबले.

"कोन सासू चुकली म्हन्ता, बाई?" म्हातारीने विचारलं.

"मी, माय." मॅडम तिच्याजवळ गेल्या. "रक्त बर्फात ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं. ते ऐकून आज या डॉक्टरनं औषध दिलं असतं, तर तुमच्या सुनेच्या जिवावर बेतलं असतं. चूक माझी हाय."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. एवढी मोठी डॉक्टरीण, एवढ्या लोकांत. मग तिचा चेहराच मोडला.

"मंग माजं बी ऐका," ती म्हणाली. "मगा तुमच्या डाक्टरनं इचारलं, सुई चालू हाय का. मी हाव म्हन्ले. न्हाई चालू. मीच बंद केली. एकानं काढा दिला होता, म्हन्ला पोट साफ झालं की साखर जाती. रोज पाजला म्या. लय जुलाब झाले तिला, उलट्या झाल्या. ती नको म्हनत होती. तुमी रागं भरताल म्हनून बोलले न्हाई. मीच चुकले, बाई. वाचंल का माजी सून?"

फिजिशियन सरांनी डोक्याला हात लावला. रक्त आंबट असूनही पोटॅशियम कमी कसं, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ते. सगळं जुलाबावाटे वाहून गेलेलं. त्यांचा मोठेपणा असा, की पुढच्या क्षणी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही थांबलात ते बरं केलंत. आधी पोटॅशियम. इन्सुलिन मग."

म्हातारीवर कोणी रागावलं नाही. रागावणार तरी कोण? मॅडमनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वाचंल. आता खरं सगळं कळलंय ना, मग वाचंल." आणि मग मी कधी न पाहिलेली गोष्ट घडली. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि त्या धाकलीच्या शेजारी बसल्या. आम्ही पोटॅशियम हळूहळू चढवत होतो, मधून मधून रक्त काढत होतो, आणि दरवेळी मॅडम स्वतः ते धाकलीला देऊन आकडा मोठ्याने सांगत होत्या. प्रत्येक आकड्याला पलीकडून म्हातारी "बरं" म्हणायची. दिवे लागायच्या सुमाराला पोटॅशियम पुरेसं वर आलं आणि आम्ही इन्सुलिन सुरू केलं. सकाळी मी फेरीला गेलो, तर सून डोळे उघडून सासूकडे चहा मागत होती.

त्याच दिवशी बैठक झाली. मॅडम थर्मास घेऊनच उभ्या राहिल्या आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. कुणीतरी मागून समजुतीच्या सुरात म्हणालं, "मॅडम, बर्फाचं एवढं कशाला सांगायचं? उद्यापासून बंद करू, झालं." मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "बंद तर करूच. पण कोणाच्या म्हणण्यावरून चालू झालं होतं, ते कळल्याशिवाय कसं बंद करता?" मोठी माणसं चूक झाकण्यासाठी किती खटपट करतात ते मी आयुष्यात भरपूर पाहिलंय. आपली चूक अशी हातात उंच धरून दाखवणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते आमच्या परभणीचं होतं. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

त्यानंतर थर्मास उन्हाळ्यात मामांच्या ताकासाठी राहिला. काढलेलं रक्त फिरवायचं एक यंत्र आयसीयूच्या दारातच बसलं आणि त्याला जनरेटरही जोडला. तुलना वर्षभर चालली, जावा पुन्हा नीट नांदायला लागल्या. दसऱ्याला मॅडम दोन हार घेऊन आल्या. पहिला घेऊन त्या आयसीयूत आल्या, धाकलीला घातला, हळदीकुंकू लावलं आणि तिच्यापुढे क्षणभर हात जोडून उभ्या राहिल्या. नर्सा तोंड फिरवून हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. मागे हसऱ्या चेहऱ्याची, अंगाने भरलेली सून. मी आधी ओळखलंच नाही.

"ती चुकलेली सासू कुटं बसती ओ?" म्हातारीने विचारलं.

सगळी खोली हसायला लागली. पलीकडून मॅडमचाच आवाज आला, "बसत न्हाई माय, उभीच असते. या."

म्हातारीने फडक्यात बांधलेला डबा सोडला. मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. मॅडमनी सवयीने तळवा पुढे केला, आणि आम्ही सगळे घास तोंडाकडे न नेता थांबलो. मला वाटलं, आज तरी या बाई 'बरोबर' म्हणतील. जीव वाचलेल्या माणसाच्या घरची भाजी आहे, थोडी भीड ठेवतील.

मॅडमनी डोळे मिटून चावलं.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

सून तोंडाला पदर लावून सासूकडे बघायला लागली.

"मी म्हनत होते, आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "पुन्यांदा घालू नका म्हनून."

म्हातारीने एकदा सुनेकडे बघितलं, एकदा मॅडमकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"घ्या! आज बी सासूच चुकली!"

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. मग त्यांनी म्हातारीला शेजारी बसवलं, डबा जवळ ओढला, आणि ती खारट भाजी भाकरीसोबत शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. आम्हाला एक घासही दिला नाही.